पेटीत किती मासे

ग्रिम्सबी, जानेवारी, मंगळवारचा तिसरा तास.
ओल्या ब्लेझरांचा वास,
खिडकीच्या कठड्यावर एक सीगल, कुणाचा तरी डबा हेरून बसलेला.
मी फळ्यावर लिहिते 3x + 2
आणि कायल ऑस्गर्बी विचारतो,
"मिस, एक्स म्हणजे किती?"

माहीत नाही.

वर्ग खिदळतो. बाईंनाच येत नाही!

मग मी गोदीवरच्या पेट्या काढते मार्करने :
तीन, झाकण लावलेल्या, प्रत्येकीत सारखेच हॅडॉक,
आणि बाजूला बर्फावर दोन सुटे.
x म्हणजे हॅडॉक नव्हे. हे दोनदा सांगावं लागतं,
कारण उग्नेने वहीत x ला शेपटी काढलीय, डोळासुद्धा.
मासा नव्हे गं, माशांची संख्या.
उग्ने डोळा खोडते. शेपटी राहू देते.

तोंडाने मी व्हेरिएबल म्हणते,
डोक्यात मात्र वेंगुर्ल्याचे परुळेकर सर : चल.
पहिल्या तासाला मराठीच्या बाई सांगून गेल्या होत्या,
अक्षर म्हणजे जे क्षरत नाही, ढळत नाही.
दुसऱ्या तासाला सर म्हणाले, हे अक्षर चल आहे.
मधल्या सुट्टीपर्यंत आम्ही गप्प होतो.

सुटे दोन ते दोनच, पेटीत काहीही असो. ते स्थिर पद.
x च्या पुढचा तीन सहगुणक, पेट्या मोजणारा.
आणि नुसताच x दिसला तर?
"शून्य पेट्या," मॅडिसन, हात वर न करता.
अगं, समोर पेटी दिसतेय ना? एक आहे, लिहीत नाहीत इतकंच.
एकटा राहणारा माणूस दारावर 'एक' अशी पाटी लावतो का?

3x आणि 2x, झाल्या पाच पेट्या. सगळे खूश.
त्याच भरात 3x आणि 2 चेही पाच x करून मोकळे.
थांबा. झाकण कोणी उघडलं?

सजातीय पदं.
आमच्याकडे या शब्दावर लग्नं ठरली, मोडली,
माझं जवळजवळ मोडलंच होतं.
इथे तो बिचारा एवढंच म्हणतो :
अक्षर तेच, घात तोच, तर बेरीज करा.
नाहीतर शेजारी शेजारी राहा, मधे अधिक ठेवून.

मग कंस. माझ्या मनात तो मुकुट घालूनच येतो,
बहिणीला कोंडणारा.
2(x + 3) : बाहेरच्या दोनाने आतल्या प्रत्येकाला भेटायचं.
कायल x ला भेटून परत येतो, 2x + 3.
अरे, तीनही होता ना आत.
आणि बाहेर उणे उभा असेल, तर सुटताना
आतल्या सगळ्यांची चिन्हं उलटतात. का, ते गुरुवारी.

सगळ्यात जड जातं ते हे, की राशीला 'बरोबर' नसतं.
तीन पेट्या आणि दोन सुटे...
क्रियापद नाही. पुढे काय झालं, कुणी म्हटलेलंच नाही.
उद्या कुणी सांगेल x दहा, तेव्हा झाकण उघडू, बत्तीस मोजू.
तोवर अशीच ठेवायची.
पण वहीत पाहावं तर प्रत्येकाने शेवटी = लिहून
पुढे रिकामी जागा ठेवलेली, उत्तर येईल म्हणून.

घंटेआधी चिठ्ठ्या वाटते : स्वतःची एक राशी लिहा.
बहुतेकांची चॉकलेटं, उग्नेच्या मांजरीचे पंजे 4m,
आणि कायलची
14 − d + w

बाप समुद्रातल्या पवनचक्क्यांवर, बोटीवरच मुक्काम,
चौदा दिवसांची पाळी. d दिवस झाले.
d ची किंमत विचारायच्या आत सांगतो : नऊ.
w पुढे त्याने बरोबरचं चिन्ह काढलं होतं,
खोडलं होतं, कागद थोडा फाटलाय तिथे.

"w म्हणजे वारा ना रे?" मी मुद्दाम विचारते.

"नाही मिस," दप्तर खांद्यावर टाकत तो म्हणतो,
"वाऱ्यामुळे वाढलेले दिवस."