खरं

दहा ते अकरा तत्त्वज्ञान, अकरा ते बारा राज्यशास्त्र.
खोली तीच. खिडकीतून हायवे,
एमएचचे ट्रक, केएचे ट्रक,
आणि मागं काकतीचा डोंगर.
हिरेमठ मॅडम जाताना फळा पुसत नाहीत.
त्यांचा घडा, जमिनीवर नसलेला
म्हणून तुटक रेघांचा,
तसाच राहतो
आणि कोवाडकर सर त्याच्या पोटातूनच ओढतात
सीमारेषा.

घडा नाही हेही दिसतं, मॅडम म्हणाल्या,
अभाव हाही एक पदार्थ.
मी लिहून घेतलं. मग आठवली
आमच्या स्टॉपवरची पाटी.
खालची ओळ होती तिथं आता
जरा वेगळ्या पिवळ्याचा पट्टा.
तात्या बसची वाट बघताना
तो पट्टा वाचतात,
न अडखळता.

शिवलीला बैलहोंगलची. माझ्याच बाकावर.
पुस्तक इंग्रजीत, ती ते कन्नडात नेते,
मी तिथून मराठीत आणते.
वाटेत न्याय तसाच राहतो, धर्म तसाच,
अनुमानाला तर अंघोळसुद्धा घालावी लागत नाही.
फक्त 'राज्य' म्हणताना
दोघी वहीत बघतो.

एक नोव्हेंबरला सुट्टी.
तिच्या गल्लीत लाल-पिवळे झेंडे,
आमच्या घरी जुन्या परकराच्या चिंध्या,
दंडाला बांधायला, काळ्या.
दोन तारखेला
तिची शेंगाचटणी, माझी भाकरी.
बोललो ते परीक्षेच्या फॉर्मबद्दल,
शेवटची तारीख कधी, दंड किती.

तोंडी परीक्षेला धारवाडहून आलेले सर.
चष्मा कपाळावर.
हे दोन विषय एकत्र कशाला घेतलेस?
मी इंग्रजीत सुरुवात केली, चांगली तीन वाक्यं,
आणि चौथ्याला घसरले.
सर, आमच्या भागात 'खरं' म्हणजे सत्य.
आणि 'खरं' म्हणजेच 'पण'.
पुण्याची मावशी हसते आम्हाला.
'येतो म्हटलं होतं खरं जमलं नाही.'
एकाच शब्दात मॅडमचा तास,
आणि लगेच, घंटासुद्धा न होता,
सरांचा.

मॅडम हसल्या. कोवाडकर सर
खिडकीबाहेर बघू लागले.
परीक्षकांनी चष्मा खाली ओढला.
आणखी एक उदाहरण दे.

घशाशी आलेलं होतं तेच बाहेर पडलं:
गाव आमचं हाय खरं

आणि थांबले.
वाक्य संपलं की राहिलंय
ते त्यांना कळेना. मलाही.
पेन कागदावर टेकवून ते वाट बघत होते,
मग हळूच, घरच्यासारखं, म्हणाले,
मुंदे?

पुढं. पुढं काय.
एक ट्रक गेला. त्याच्यामागं दुसरा,
नंबर दिसला नाही.
फळ्यावर घडा होता.
म्हणजे, नव्हता.