जिवाणी

शाहूपुरीत गुळाच्या पेढीमागं आमचं घर.
नळाच्या तोंडाला पंचाचं दुहेरी फडकं.
पाणी गाळून झालं की आण्णा ते अलगद उलटं करायचे,
वरनं गाळलेल्याच पाण्याची धार सोडून
अडकलेले जीव परत धाडायचे
आले तिकडं.

आले कुठनं? जिवाणी सोडायची ती आडात, विहिरीत.
हा तर म्युनिसिपालटीचा नळ.
सात वर्षांची असेन, विचारलं,
आण्णा, हे आता बालिंग्याच्या पंपापर्यंत
चालत जाणार का?
आण्णांनी बादली मोरीत ओतली.
म्हणाले, भाव चांगला असला की पोचतात.

मोरीतनं गटारीत, गटारीतनं जयंती नाल्यात.
पोचत नव्हते, हे मला तेव्हाच कळलं
आणि आण्णांनाही ठाऊक असावं,
हे कळायला पुढं तीस वर्षं लागली.

पेढीवर रवे उतरायचे. एखाद्यात मुंगी,
एखाद्यात अख्खी गांधीलमाशी, पंख पसरलेली,
काहिलीत पडली तशीच.
आण्णा चाकूच्या टोकानं तिला सोडवायचे,
ओठांत णमो अरिहंताणं,
आणि रवा परत तागडीत.
वही माझ्याकडं असायची.
माशी कुणाच्या खात्यावर टाकायची
ते कुणी सांगितलं नाही.

कॉलेजात, रंकाळ्यावर, रात्री साडेआठला
मी कांदाभजी खाल्ली.
काही झालं नाही.
पाणी होतं तिथंच होतं, घोडेवाला पोरांना फिरवत होता,
मी दुसरी प्लेट मागवली.
भीती वाटली ती घरी आल्यावर,
काहीच झालं नाही याची.
त्या वर्षी क्षमावाणीला सगळ्या गल्लीची क्षमा मागितली,
दूधवाल्याचीसुद्धा.
कांद्याची नाही.

मग नसीम मुजावरबरोबर गुरुवारी तिच्या दर्ग्यात.
बायका उंबऱ्याबाहेर. लोबानाच्या धुरानं डोळे चुरचुरले,
शेजारच्या म्हातारीला वाटलं मी रडतेय,
तिनं पाठीवरनं हात फिरवला.
मी रडत नव्हते.
मग रडले.
पुढचे सहा गुरुवार त्या हातासाठी गेले,
ती पुन्हा दिसली नाही.

आळत्याच्या डोंगरावर दहा दिवस मौन.
पहिला नियम : जीव मारायचा नाही.
संध्याकाळी जेवण नाही.
डोळे मिटून बसलेल्या साठ माणसांत
मला खुदकन हसू फुटलं.
एवढी पळून पळून
आमच्याच मोरीपाशी आले होते.

कुठं गेलतीस, आण्णा विचारायचे.
गेलो होतो असंच, मी म्हणायची,
आमच्याकडं पोरीही असंच बोलतात.
ते पुढं विचारायचे नाहीत.
फक्त बस्तीत जाताना
तांदळाच्या दोन पुड्या न्यायचे.
दुसरी कुणाची, हे मीही विचारलं नाही.

डिसेंबर. सीपीआरचा दुसरा मजला.
आण्णांना दोन दिवस अन्न चाललं नव्हतं.
आज म्हणाले, मुगाचं पाणी घेईन.
सिस्टर गरम करून आणेपर्यंत सहा वाजून गेले.
वाटी तोंडाशी नेली, तर हात आडवा आला.
मोतीबिंदूचे डोळे माझ्याकडं,
दिवस हाय का गं अजून?

हो म्हणायला काय लागत होतं.
माझा त्यावर विश्वास नाही,
ना वाटीवर, ना सूर्यावर,
ना न बघितलेल्या हिशेबावर.
तरी जीभ उचलेना.
त्यांचं व्रत माझ्या तोंडात होतं
आणि ते मला गिळता येईना.

खिडकीशी गेले.
भाऊसिंगजी रोडवरचे दिवे लागलेले,
समोरच्या पत्र्यावर एक तांबूस पट्टा,
मावळतीचा की मेडिकलच्या पाटीचा,
कळत नव्हतं.
इतकं लावून मी उजेडाकडं
आयुष्यात कधी बघितलं नव्हतं.

मागं आण्णा थांबलेले.
वाटी गार होत चाललेली.