लहान मुलांपासून दूर

कॉटन मार्केटच्या मागच्या गल्लीत आमचं कृषी केंद्र.
अकरा वर्षं झाली काउंटरवर.
बाटली न उचलता नुसत्या पानाच्या रंगावरून सांगतो
मावा आहे, तुडतुडा आहे की करपा.
त्रिकोण पाठ आहेत : लाल, पिवळा, निळा, हिरवा.
आणि त्यांच्याखाली, मुंगीएवढ्या अक्षरांत,
लहान मुलांपासून दूर ठेवा.
गिऱ्हाईक वाचत नाही ते.
मीही वाचत नव्हतो.

लेकीला सहावा सरला.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता वरचं सुरू करा.
वरचं म्हणजे नेमकं कुठलं,
हे विचारायला मी टेबलासमोर उगाच उभा राहिलो.
मेडिकलमधला डबा उलटा करून वाचला :
पुढे गुबगुबीत बाळ, मागे साखर दुसऱ्या नंबरवर.
ठेवून दिला.
मागचं वाचायची सवय आता लागली म्हणायची.

दर रविवारी बजाजनगरात, एका शाळेच्या पटांगणात
बिनफवारणीचा बाजार भरतो.
दोनदा मी गेटावरूनच गाडी वळवली.
तिसऱ्यांदा प्रणोती मागच्या मागे उतरली,
लेक कडेवर, पिशवी माझ्या छातीशी कोंबून,
आणि चालू पडली.

निंबाखाली ताडपत्रीवर रेवताबाई बसलेल्या. भिवापूरकडच्या.
तांदूळ, मूग, थोडं जवस, कोहळ्याच्या चार फोडी.
मी मूठभर तांदूळ उचलले
तर तळहातावरून दोन सोंडे चालत निघाले, आरामात,
जणू माझा हात कोणाचा हे त्यांना ठाऊकच नाही.
तोंडातून गेलंच :
पोत्यात एखादी गोळी टाकत जा ना, बाई.
गेलं, आणि मग जीभ चावली.

त्या हसल्या नाहीत. चिडल्याही नाहीत.
"तुमच्याच दुकानातून तं नेत होतो ना भाऊ.
तवा तुम्हाले चष्मा नव्हता.
आता पाच वर्सं झाले, बंद केलं सारं."
काऊन, हे मी विचारलं नाही.
त्यांनी सांगितलं नाही.
माप भरलं, वर एक मूठ लेकीच्या नावानं टाकली.
"सोंडा खाऊन राहिला तं बरं समजा.
त्याले तरी चालते."

मे महिना. गच्चीवर ताट ठेवलं
आणि दहाच मिनिटांत सोंडे काठाकडे पळत सुटले.
मी बसून बघत राहिलो.
किडा स्वतःच्या पायांनी निघून जाताना
पहिल्यांदाच बघितला.

मग धुणं, वाळवणं, मंद आचेवर भाजणं.
मूग अर्धे, तांदूळ दुप्पट, चिमूटभर जिरं.
चाळणी नवी आणली बर्डीवरून, मुद्दाम.
"हात धुतले?"
धुतले. साबणानं, मग राखेनं, मग चिंचेनं.
"परत धू."
कूलरच्या घरघरीत तिचा आवाज आला की भांड्याचा,
मी परत धुतले.

पहिला चमचा : भुवया वर, सगळा चेहरा एक प्रश्न.
दुसरा माझ्या शर्टावर.
तिसऱ्याला तिनं चमचा ढकलला
आणि माझं बोट धरलं, पेजेत बुडालेलं,
आणि नेलं तोंडाकडे.

सहा महिने मी हे बोट मागे घेत आलोय.
घरी आल्यावर, अंघोळीनंतर, झोपेतसुद्धा.
दिवसभर झाकणं फिरवणारं बोट.
प्रणोतीनं बघितलं. काही बोलली नाही.
मीही हललो नाही.
खालच्या हिरडीत काहीतरी टोचलं,
तांदळाच्या कणीएवढं, टणक.

उद्या सोमवार. साडेनऊला शटर वर.
पऱ्हाटीचा सीझन तोंडावर आलाय,
माल उतरवून घ्यायचाय, बिलं बाकी आहेत.
ताट अजून गच्चीवरच आहे.
जाऊन आणायचं आहे,
पण बोट सुटेपर्यंत कसं उठू?