नाही म्हणणारी गाडी

मग कुलूप फोडलं कुठून, वडिलांनी विचारलं.
म्हटलं, फोडलंच नाही.
काच? शाबूत.
दार तिनं आपणहून उघडलं,
ओळखीचा आवाज ऐकून
कुणी आतली कडी काढावी तसं.

पहाटेचे तीन बारा.
समोरच्या मिसेस अकिंतोलांच्या कॅमेऱ्यात दोघं दिसतात.
एक माझ्या घराच्या दाराशी,
हातात एक चपटी पिशवी,
भिंतीला कान लावावा तशी धरलेली.
दुसरा गाडीपाशी, थंडीत पाय बदलत.
बोलणं नाही, घाई नाही.
मग दिवे दोनदा मिचकावले.
ऑफिसातून दमून बाहेर पडले की
हीच खूण ती मला करायची.

आणि किल्ली? पोलिसानं वही उघडली.
घरातच. जिन्याखालच्या बशीत,
खोकल्याच्या गोळ्यांशेजारी.
जागची हलली नव्हती.
तिचा फक्त आवाज नेला त्यांनी,
दारापासून गाडीपर्यंत अकरा पावलं,
ओंजळीतलं पाणी न सांडता न्यावं तसा.
रात्रभर बोलत असते म्हणे ती.
मी इथे आहे, मी इथे आहे.
माझ्या घरात कोण इतकं बोलतं
हे मला ठाऊक नव्हतं.

डिकीत ट्यूलिपचे चाळीस कंद होते.
आता कुठल्या बंदरात, कुठल्या कंटेनरात
अंधाराला माती समजून
कोंब काढत असतील.

हे सगळं वडिलांना समजावायचं म्हणजे!
होरेस पिचफर्ड, वय सत्त्याऐंशी, राहणार विलेनहॉल,
जिथं एके काळी गल्लोगल्ली कुलपं घडत.
कानशीवर वाकून वाकून माणसांना कुबड येई,
आणि गुत्त्यातल्या बाकांमागे, म्हणतात,
भिंतीत खळगे कोरलेले असत,
कुबड टेकायला.
वडील सरळ आहेत. त्यांचे वडील नव्हते.

कुलूप म्हणजे काय, ग्वेन?
नाही म्हणणं. किती वेळा म्हणतं, तेवढी त्याची किंमत.
मग थांबून, चहा ढवळत,
सत्तर हजार पौंड,
आणि एकदासुद्धा नाही म्हणाली नाही?

विम्याचे पैसे आले, हप्ता दुप्पट झाला,
नवी गाडी आली. तसलीच, पण करडी.
बैल गेला नि झोपा केला म्हणा हवं तर.
वडील शनिवारी बसनं आले,
पिशवीत स्टिअरिंगला लावायचा पिवळा दांडा
आणि नाताळातल्या चॉकलेटचा रिकामा डबा.
किल्ली डब्यात घातली, झाकण लावलं,
डबा काखेत मारून गाडीपाशी गेले,
हँडल ओढलं.
दार उघडलं.

असा अपमान त्यांचा मी पाहिला नव्हता.
ओट्यावर वर्तमानपत्र पसरलं, चष्मा पुसला.
झाकणाला एका बाजूला पोचा होता,
नखाएवढी फट. तेवढीतून ती बोलत होती.
दुपारभर लाकडी हातोडीनं टकटक,
मध्येच हात थरथरला की
हातालाच एक शिवी.
आतून फॉइलचे तीन थर,
कडा बोटाच्या पेरानं दाबत,
पुन्हा पुन्हा कानाशी नेत,
जणू काही ऐकू येणार होतं.

चार वाजता पुन्हा अंगणात.
मिसेस अकिंतोला खिडकीत.
हँडल ओढलं.
पुन्हा ओढलं.
वडील माझ्याकडे वळले,
वरचे दात लावलेले नव्हते, तरी हसले:
म्हणाली!

मी सेटिंगमध्ये पिनही घातला आहे.
या नव्या किल्लीला, स्थिर ठेवली तर,
थोड्या वेळानं झोप लागते, असं शोरूमवाला सांगतो.
मी ते वडिलांना सांगितलेलं नाही.
मुक्कामाला असले की रात्री कधीतरी
जिना कुरकुरतो.
सपाता, माझा रेनकोट, काखेत डबा.
गाडीला हात लावून विचारून येतात.
वर येताना पायरीवर थांबतात,
दम खात,
आणि अंधारात कुणाला तरी सांगतात,
नाही म्हणते अजून.