शेवटची गाडी

वादी कबीरचा पंप, सकाळचे सव्वासहा.
कागदी पेल्यांत करक चहा, टायरांत हवा,
आणि हिलालने बोनेटवर पसरलेला नकाशा,
जो कुणीच बघत नाही.
चौदा गाड्या. माझी चौदावी.
सहा वर्षं मी शेपटाला आहे.
पजेरो जुनी, आणि माझा स्वभाव
मागे काही राहिलं का ते बघत निघायचा;
दवाखान्यातले दिवेही मीच मालवते.

वॉकीटॉकीवर हिलाल म्हणतो, "एक."
मग दोन, तीन, डॉक्टर शेरीनचं घाईघाईचं चार,
इफ्तिखारभाईंचं पाच, त्यात थोडा खोकला.
नऊ येईपर्यंत मी चहा तसाच धरून ठेवते.

नऊ म्हणजे करमळकर.
म्हणजे, होते.
मार्चमध्ये कंपनी म्हणाली, तीस दिवसांत आवरा.
त्यांनी एकवीस वर्षं आवरली.
फ्रिज, पलंग, तुळशीची कुंडी ज्याला त्याला दिली
आणि राखाडी प्राडो रॉडेलला विकली,
एकाच अटीवर: आकडा बदलायचा नाही.
"नऊ?" रॉडेल म्हणतो,
अजूनही परवानगी मागितल्यासारखं.

मग कुरियातचा घाट.
साल काढून उन्हात मांडल्यासारखे डोंगर.
मागून चालवलं की माणसं
ब्रेकच्या लाल दिव्यांवरून कळतात.
शेरीन वळणाआधी घाबरते,
इफ्तिखारभाई वळणानंतर,
साजीचं बायकोशी वाजलं असेल
तर त्याचा इंडिकेटर मैलभर लुकलुकत राहतो.
आणि नऊ नंबर
किंचित डावीकडे ओढ खातो,
करमळकर चालवायचे तसाच.
मला वाटायचं, ही त्यांची सवय.
ती गाडीची निघाली.

सूरला, बंदराजवळच्या खानावळीत,
चपला बाहेर, मांड्या घालून सगळे खाली.
परात आली: वाफाळता भात,
वर अख्खी सुरमई, डोळ्यासकट.
माझी नेमकी संकष्टी.
सव्वीस हात थबकले.
साजीची बायको कळवळली,
इफ्तिखारभाईंनी विचारलं, पाणी तरी?
हिलाल काही न बोलता उठला,
खजुराची थाळी आणि लबनची बाटली
माझ्यापुढे ठेवून म्हणाला,
"चंद्र किती वाजता?"
"पावणेनऊ."
"बरोबर," तो म्हणाला,
"आमचाही डोळा असतो त्याच्यावर."

मग बिल. शहाण्णव रियाल, चारशे बैसा.
सत्तावीस माणसं, त्यांतली एक फक्त खजुराची.
पाच फोन निघाले, पाच उत्तरं आली.
करमळकर असते तर
एव्हाना सुटे पैसेसुद्धा वाटून झाले असते.
रॉडेल गाडीकडे पळाला,
डॅशबोर्डच्या खणातून
रबर गुंडाळलेली वही घेऊन आला.
प्रत्येक सहलीचं पान, प्रत्येकाचा वाटा,
शेवटी दोन रेघा.
कागदावर मांडलं, आणि जमलं.

निघताना वही पुढे करून त्याने विचारलं,
"मॅडम, हे एवढंच तुमच्या भाषेत आहे.
काय लिहिलंय?"
मलपृष्ठाच्या आत, पेन्सिलीने, दोन वर्षांपूर्वीची तारीख:
*गाडी डावीकडे जाते. अलाइनमेंट करून घेणे.*
त्याखाली तेच पुन्हा, नवी तारीख.
त्याखाली फक्त, *करणे.*

"काही नाही," मी म्हटलं,
"जुना हिशोब आहे."

परतीला अंधार पडला.
एकेक गाडी आपापल्या फाट्याला वळली:
चार पोचले, पाच पोचलो, खोकला.
नऊ माझ्यापुढे बराच वेळ होता,
पांढऱ्या रेषेकडे कलत,
आणि पुन्हा सावरत,
कलत, सावरत.
मी अंतर राखून चालवलं.
रुवीच्या पुलाखाली त्याने दिवा दाखवला, "नऊ, पोचलो,"
या वेळी न विचारता.

इमारतीच्या पार्किंगमधून
पाण्याच्या टाक्यांमागे चंद्र दिसला.
हात जोडले, खिशातला एक खजूर तोंडात टाकला.
वॉकीटॉकी चालूच होता. चौदाला विचारणारं
मागे कुणी नसतं; मीच म्हटलं, "चौदा."

रॉडेलला सांगायला हवं.
टायर झिजतात तसे, एका बाजूने.
पुढच्या महिन्यात सांगेन.