उजेडाची परवानगी

अर्ज मी लिहिला, कारण माझं अक्षर बरं आहे.
बालामणी गज्जम, राहणार विडी घरकुल,
वय अंदाजे सत्तावन्न,
धंदा विड्या वळणे, दिवसाला आठशे,
डोळे धड होते तेव्हा हजार.
इथवर सोपं होतं.

साहेबांनी विचारलं, काय गेलं?
ती म्हणाली, बॅटरी.
मी म्हणालो, बॅटरी नव्हे, पैसे सांग,
फंडाचे एकोणीस हजार, पहाटे चारला, तीन मेसेजांत.
ती म्हणाली, ते नंतर.
आधी मी बॅटरी घेतली. फुकट होती.

खरंच आहे. एप्रिल, लाईट गेलेली, पत्र्याखाली जीव शिजतोय,
नातवानं जुन्या फोनमध्ये टॉर्च टाकून दिला,
वर कंदिलाचं चित्र.
कंदिलानं विचारलं, तुमचे नंबर बघू?
मेसेज वाचू? बोलणं ऐकू?
ती हो, हो, हो दाबत गेली.
हो म्हटल्याशिवाय उजेड पडत नव्हता.

साहेब तरुण, शेळगीचा, स्वभावानं वाईट नाही.
कायद्याचं पुस्तक त्यानं माझ्याकडे फिरवलं:
मालकाच्या परवानगीशिवाय जो कोणी…
आणि त्या एका शब्दावर पेनाचं टोक टेकवलं.
परवानगी यांनीच दिली ना, काका.
चौतीस पानं अटी. इंग्रजीत.
खाली यांचं बोट.

मी छत्तीस वर्षं जकार्डचे पुठ्ठे पंच केले.
भोक असेल तिथं सुई जाते, दोरा उचलतो,
चादरीवर मोर येतो.
एक भोक जादा पडलं की मोराची मान मोडते
आणि मालक शनिवारी पगारातून मोर कापतो.
पुठ्ठ्यावरही हुकूमच लिहिलेले असतात, साहेब,
पण पुठ्ठा खिडकीपाशी धरला
की सगळे हुकूम आरपार दिसतात.

हे मी बोललो नाही.
बोललो ते असं, की चाटी गल्लीत
मीटरपट्टीवर शिक्का मारायला माणूस येतो,
तराजूला येतो, पेट्रोल पंपाला येतो.
हिच्या विड्यांतून चेकर छाट काढतो,
पान जरा फाटकं दिसलं तरी फेकतो, पैसे देत नाही.
या कंदिलाची छाट कोणी काढली?

साहेब पंख्याकडे बघत राहिला.
मग म्हणाला, नवा कायदा आलाय, पुरता लागू व्हायचाय.
संमती मागायची ती साध्या भाषेत मागायची.
कुठल्या? बालामणीनं विचारलं.
घरात ती तेलुगू बोलते, कारखान्यात मराठी,
शेजारच्या शमशादबीशी जे बोलते त्याला नाव नाही,
आणि वाचता यांतलं काहीच येत नाही.
भाषा कुठलीही घ्या, ती म्हणाली,
उजेडाला माझ्या बहिणीचा नंबर कशाला लागतो
तेवढं त्याला कुणीतरी विचारा.

आरोपीचं नाव.
तिथं अज्ञात लिहायचं असतं.
ती म्हणाली, अज्ञात कसा?
त्याला मी माहीत आहे, मला तो नाही. तसं लिही.
तसं लिहायला रकाना नव्हता.
मी समासात बारीक अक्षरात लिहिलं.
साहेबानं वाचलं, खोडलं नाही,
पोच दिली, शिक्का जरा तिरका पडला.

आज परत लाईट गेली आहे.
फोन तिनं तांदळाच्या डब्यात घातलाय, वर झाकण,
ऐकायचं तर ऐक म्हणावं तांदूळ.
भिंतीपलीकडून कात्री ऐकू येते, थांबते,
मग ती अंधारात बोटांनी कट्टा मोजते,
इरवै मूडु, इरवै नालुगु, इरवै ऐदु,
दोरा, गाठ,
आणि परत ओकटी.