दोन बोटं माया

भंडाऱ्याच्या ऑफिसात मॅडमनं
आमची वयं एकाखाली एक मांडली,
छप्पन्न, एक्कावन्न.
"एकशेसात. चालतंय, एकशेदहाच्या आत आहात."
तीन वर्षं शिल्लक, दोघांत मिळून.
पंगतीला भात पुरेल का, तसं मी
त्या तिनाकडे बघत राहिले.

तान्हं नाही, मोठं मिळेल, म्हणाल्या.
मोठं म्हणजे नऊ वर्षांची पौर्णिमा,
पिशवीत दोन फ्रॉक, एक कंपासपेटी,
आणि एक किल्ली. कुठल्या कुलपाची,
तिलाही ठाऊक नव्हतं.

बोडीवर धुणं आपटता आपटता
फुलवंता म्हणाली,
"या वयात का हौस सुचली वो, टेलरीणबाई?
नातीएवढी हाये पोरगी."
मी चादर पिळली. जरा जास्तच पिळली.

यांनी जन्मभर गावाची मापं घेतली.
नवरदेवांची, बँडवाल्यांची,
जूनमध्ये शाळेच्या गणवेशांची, रात्री दोन-दोनपर्यंत.
पण तिच्यासमोर टेप घेऊन उभे राहिले
आणि हात पुढे जाईना.
"माप घेऊ का, बाई?"
तिनं टेप ओढून घेतला,
आपलं माप आपणच घेतलं. चुकलं.
यांनी तेच वहीत लिहिलं.

निळा फ्रॉक. घेराला आत
चार बोटं माया दुमडलेली.
मी म्हटलं, एवढी कोण ठेवतं?
"वाढंल ना ते," म्हणाले, आणि मशीनला तेल घातलं,
सकाळीच घातलेलं होतं तरी.

एका संध्याकाळी लाईट गेली असताना
तिनं विचारलं, तुम्ही कधी मरणार?
लाखांदूरची गाडी कधी येणार, अशा आवाजात.
अंधारात मशीनचं चाक
थोडं फिरून थांबलं.
यांनी फ्रॉकचा घेर उलटा केला,
तिची बोटं धरून आत फिरवली.
"हे पाय, इतकं कापड हाये. हे सरेपर्यंत तं जात नाई."
"अन् मंग?"
"मंग तू दुसरं शिवशील. शिकवतो ना तुले."

यांना ती टेलरकाका म्हणते.
मला अजून काहीच म्हणत नाही.
काम असलं की जवळ येऊन उभी राहते,
भात उतू जात असला तरी.

काल तशीच आली, हातात फ्रॉक आणि ब्लेड.
दीड वर्षात गुडघे बाहेर आलेत.
ओट्यावर बसून तिनं टाके उसवले,
जीभ ओठांत धरून, एकेक.
बाहेरचा निळा विटलेला,
आतला अजून दुकानातल्यासारखा.

दोन बोटं सोडली. दोन परत दुमडून
हातशिलाई घातली, वाकडीतिकडी.
मी म्हटलं, सगळीच सोडायची होती की,
उन्हाळ्यात परत आखूड होईल.
तिनं दोरा दातानं तोडला.
"राहू दे," म्हणाली,
"आत राहू दे थोडी."